इदरिस मिस्त्रीचा दुसरा तळहात

इदरिस मिस्त्री वारला तेव्हा चर दुलाली गावात फारसं कुणी रडलं नाही. तो गेलाय यावर कुणाचा विश्वासच बसेना, आणि पुढे जे घडलं ते पाहता गावाचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

मेघना नदीच्या त्या काठावरचे निम्मे हापसे त्याने बसवलेले. बांबूचं मचाण बांधायचं, त्यावर इदरिस उकिडवा. खाली चार गडी लोखंडी पाइप वरखाली करतायत आणि पाइपच्या तोंडावर इदरिसचा उजवा तळहात. पाइप वर येताना तळहात गच्च दाबायचा, खाली जाताना उचलायचा. उचलला की चिखलपाण्याची पिचकारी उडायची. एवढ्या भांडवलावर तो जमिनीला दीडशे हातांपर्यंत भोक पाडू शकायचा. त्या तळहाताला जमिनीखालचं ऐकू येतं असं लोक म्हणत. एकदा नव्वद हातांवर त्याने काम थांबवलं आणि म्हणाला, "थांबा रे, खाली कासव झोपलंय. कुशीवर वळू दे त्याला." गडी तासभर विड्या ओढत बसले, मग पाइप लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. हे खोटं असेल, तर मला सांगणाऱ्या चौघांनी ते मिळून ठरवलेलं असणार. उजव्या तर्जनीचं वरचं पेर मात्र पाइपाने खरंच खाल्लं होतं.

मग एका हिवाळ्यात रंगाचे डबे घेऊन माणसं आली. ज्या पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, सापडला त्या हापशाचं तोंड लाल, नाही त्याचं हिरवं. संध्याकाळपर्यंत इदरिसच्या दर चार हापशांतले तीन लाल झाले. वीस वर्षं ज्याने गावाला पाणी पाजलं, त्याने काय पाजलं ते त्याला त्या दिवशी कळलं. त्यानंतर त्याने धंदा सोडला. एकेका लाल हापशापाशी जाऊन नुसता बसायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा.

तो गेल्यावर चाळिसावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी, जोहरच्या अजानीआधी, तळ्याकाठच्या लाल हापशाचा दांडा आपोआप हलू लागला. वर, खाली. वर, खाली. पाणी नाही, फक्त दांडा. मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हापशाचा. बायका पहिल्यांदा किंचाळल्या, नंतर म्हणू लागल्या, "मिस्त्री फेरीला निघालाय." पोरं जाता जाता दांड्याला सलाम करायची.

मिस्त्रीची एकुलती एक लेक तहुरा. ती ढाक्यातल्या एका प्रयोगशाळेत जंतूंना कामाला लावायची. गावात हे सांगायची सोय नव्हती, म्हणून तिथे ती 'पाण्याच्या ऑफिसात' होती. काम असं होतं: सोमल माणसाला मारतो तसा जंतूंनाही मारतो, पण जंतू जुने आणि खोडकर. त्यांच्यातल्या काहींपाशी सोमल बाहेर हाकलणारी जनुकं असतात. एरवी ती बंद, कारण त्यांच्या दारात एक राखणदार प्रथिन ठिय्या देऊन बसलेलं असतं. सोमल आत शिरला की राखणदार त्याला धरायला जागेवरून उठतो, आणि दार उघडतं. तहुराने ते दार राखणदारासकट उचललं आणि मागे हाकलणाऱ्या जनुकांऐवजी निळा रंग करणारं जनुक जोडलं. सोमल असला की नळी निळी, नसला की पांढरी.

हे सगळं आईसाठी चाललं होतं, पण हे तिने कुठल्या अर्जात लिहिलं नव्हतं.

इदरिसने धंदा सोडल्यावरही शेवटचा एक हापसा खणला होता, स्वतःच्या अंगणात, सहा वर्षांपूर्वी. रंगवाले कधीचे निघून गेले होते, त्यामुळे त्याला लालही नाही आणि हिरवाही नाही. आई, आंबिया, तेव्हापासून तेच पाणी पीत होती. तिच्या तळहातांवर हल्ली बारीक काळे ठिपके उठले होते आणि कातडी खरखरीत झाली होती.

"आम्मा, ते पाणी पिऊ नकोस."

"का? लाल आहे का?"

"तपासलेलंच नाही."

"मग हिरवं समज."

तपासणीची पेटी घेऊन आलेल्या एका माणसाला आंबियाने झाडू दाखवून परत पाठवलं होतं. "रंग काय, बाजारात कुठलाही मिळतो," ती म्हणाली. तहुरा स्वतः दर ईदला घरी जायची, पिशवीत रिकामी बाटली असायची आणि ती तशीच रिकामी परत यायची. बाटली भरायला तिचा हात उठायचा नाही. आब्बांचा शेवटचा हापसा लाल निघाला तर? जंतू प्रयोगशाळेबाहेर न्यायला बंदी होती, पाण्यालाच जंतूंकडे यावं लागणार होतं, याचं तिला मनातून बरंच वाटायचं.

पण जंतू काही सरळ वागेनात. गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी घातलं तरी नळी दुपारपर्यंत फिकट निळी व्हायची. राखणदार अधूनमधून उगाचच उठत होता.

"तहुरा," विभागाचे ओबायदुर सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुझा साक्षीदार सगळ्यांनाच चोर म्हणतोय. अशाला कोर्टात चहा पाजतात आणि घरी पाठवतात."

"सुधारेल, सर."

"मीही लग्नात हेच म्हणालो होतो."

सात महिने गेले. तिने राखणदार बदलला, दार लांब केलं, आखूड केलं. निळा काही जाईना. मग एका दुपारी सगळे खाली जेवायला गेलेले असताना नळ्या हलवणाऱ्या यंत्राचा आवाज बदलला. एरवी ते घरघरायचं. आता येत होतं कर्र, धप्प. कर्र, धप्प. मिस्त्रीच्या घरात वाढलेला कान हापशाचा आवाज ओळखायला चुकत नाही. तहुरा जवळ गेली तेव्हा यंत्राच्या काचेवर ओला तळहात उमटलेला होता. काचेच्या आतल्या बाजूने. यंत्राचं झाकण बंद, कडी लावलेली. बोटं साडेचार.

सर आल्यावर तिने त्यांना दाखवलं.

"बुरशी," सर म्हणाले.

"सर, बुरशीला अंगठा असतो?"

"ढाक्यात असतो," सर म्हणाले, पण त्या दिवसापासून ते त्या यंत्राकडे पाठ करून बसेनात.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोन ठसे उमटले. एकावर एक, जरासे सरकलेले. दोन्ही उजवे, दोन्हींची तर्जनी तोकडी. काचेला ओल्या मातीचा आणि शेणकाल्याचा वास येत होता, बोअरच्या खड्ड्यात ओततात त्या काल्याचा. आणि त्या वासाबरोबर तहुरा सात वर्षांची होऊन मचाणाखाली बसली. वर आब्बांचा तळहात. शंभर हातांच्या खाली गेलं की तो दमायचा, बोटांच्या फटीतून पाण्याची बारीक धार निसटायची आणि वर आलेली वाळू परत खाली जायची. मग ते चाचाला हाक मारायचे, "ये रे, ठेव." चाचा आपला तळहात त्यांच्या तळहातावर ठेवायचा आणि धार थांबायची. हाताला कुणी शिव्या देत नसे. दमला म्हणून दुसरा ठेवायचा, एवढंच.

तिने तसंच केलं. दार आणि निळं जनुक यांच्यामध्ये तिने राखणदाराला बसायला आणखी एक जागा लिहिली. पहिल्या जागेवरचा उठला तरी वाटेत दुसरा बसलेला. ती जनुकाच्या अक्षरांची ओळ बनवून घ्यायला परदेशी पाठवली, तीन आठवड्यांनी इवल्याशा नळीच्या बुडाशी डोळ्याला न दिसणारी पूड होऊन ती परत आली आणि जंतूंच्या पोटात गेली. त्या दिवशी पावसाचं पाणी संध्याकाळपर्यंत पांढरं राहिलं. लाल हापशाचं पाणी दुपारीच निळं झालं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "कुठून सुचलं?"

"बुरशीने सांगितलं, सर."

मग तिने आईला फोन केला.

"आम्मा, आपल्या हापशाचं पाणी बाटलीत भरून लाँच चालवणाऱ्या सारंगाकडे दे. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळ."

"कशाला?"

"आमच्या सरांना बघायचंय."

"सरांना?" आईने आवाज सावरला. "बरं, देते."

बाटली आली. नळी पांढरी. तहुराने दुसरी मागवली. पांढरी. तिसरी. पांढरीशुभ्र.

"तुझे आब्बा निर्दोष सुटले," सर म्हणाले. "चमचम आण."

तिने चमचम आणली, सगळ्यांना वाटली आणि हात धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन पोटभर रडली. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते नव्हतंच.

पण दुपारी कर्र, धप्प थांबलं नाही. उलट वाढलं. टेबलावरचे चमचे थरथरू लागले. ठसे आता काचेवर नाही, आईच्या तिन्ही बाटल्यांवर उमटायचे, आणि असे घट्ट, की एक बाटली आत चेपली. चौथ्या दिवशी यंत्राच्या तबकात वाळूचा छोटासा ढीग होता, नीट, कुणी बसून रचल्यासारखा. ती वाळू करडी होती.

रंगवाले येऊन गेल्यापासून मिस्त्री लोकांत हे लहान पोरालाही ठाऊक असतं. लाल वाळू लागली की खाली गोड पाणी. करडी लागली की पुढे जायचं, तिथे थांबायचं नाही. तहुराने ती वाळू सरांना दाखवली नाही. ते धूळ म्हणाले असते, आणि तिला ते पटवून घ्यावंसं वाटलं असतं. तिने सकाळची लाँच धरली.

न कळवता ती अंगणात शिरली तेव्हा दुपार होती. आंबिया हापशापाशी पाटावर बसली होती, धारेखाली कळशी, दोन्ही हात मांडीवर. दांडा आपोआप वरखाली होत होता. दुसऱ्या हापशांवर नुसता दांडा हलायचा. इथे पाणीही येत होतं.

"आलीस? बस," आई म्हणाली. "तुझ्या बापाचं होऊ दे."

"आम्मा... हे रोज?"

"रोज. सांगितलं नाही, तू शिकलेली. हसली असतीस."

तहुराला हसू आलं नाही. तिने विचारलं, "तू बाटल्या पाठवल्यास, ते पाणी याच हापशाचं ना?"

"याचं?" आंबियाने कपाळाला हात लावला. "वेडी की काय! ढाक्याच्या सरांपुढे ठेवायचं पाणी, आपल्या अंगणातलं कसं द्यायचं? पाहुण्यापुढे कुणी चिरलेला कप ठेवतं? मशिदीच्या हिरव्या हापशाचं आणलं. सगळ्या गावात त्याच्यासारखं पाणी नाही. अर्धा मैल, या गुडघ्यांनी. तीनदा!"

"आणि बाटली विसळलीस?"

"तीनदा. त्याच पाण्यानं. तू म्हणालीस तश्शी."

तहुरा जमिनीवरच बसली. दांडा थांबला होता.

तिने पिशवीतून बाटली काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने ती त्या तोंडाखाली धरली. दांड्याला हात लावायचं तिच्याच्याने होईना. बराच वेळ काहीच झालं नाही. मग दांडा वर गेला, इतका हळू, की जणू कुणी म्हातारं माणूस जिना चढतंय. पाणी आलं. तिने बाटली विसळली, ओतली. दांडा थांबून राहिला. पुन्हा आलं. तीनदा. चौथ्यांदा बाटली काठोकाठ भरली आणि एक थेंब खाली सांडला नाही.

आंबिया हे सगळं बघत होती. "उद्या मीही येते," ती म्हणाली. "कागद नको, तुझ्या तोंडून नको. माझ्या डोळ्यांनी बघेन."

तर अशी आंबिया प्रयोगशाळेत आली. सरांनी तिला उंच स्टुलावर बसवलं, अंगावर पांढरा कोट चढवला आणि 'खालाम्मा, खालाम्मा' करत तीनदा चहा विचारला. तीन नळ्या लावल्या: पावसाचं पाणी, मशिदीचं पाणी, अंगणातलं पाणी. आंबिया जागची हलली नाही. अकराच्या सुमाराला तिसरी नळी जराशी मळकट दिसू लागली. बाराला निळसर. जोहरची अजान होण्याआधी ती निळीशार झाली, कपड्यांना नीळ जास्त पडावी तशी. पहिल्या दोन पांढऱ्याच.

"यात काही गडबड होऊ शकते?" आंबियाने सरांना विचारलं.

"आधी होत होती, खालाम्मा. आता दोन हात ठेवलेत."

कुठले हात ते तिने विचारलं नाही. ती लेकीकडे वळली. "हे तुझ्या आब्बांना ठाऊक होतं?"

तहुराला खोटं बोलता आलं असतं. "करडी वाळू लागली असणार. हाताला कळलं असणार."

"किती हात खणला होता?"

"साठ. लाल वाळू आपल्याकडे एकशेवीसच्या खाली लागते."

आंबिया आपल्या तळहातांवरचे ठिपके बघत राहिली. "धाप लागायची त्यांना. मध्येच थांबले, म्हणाले, पुरे, लागलं चांगलं. मी बघत होते ना, तोंड पांढरं पडलं होतं. पण मीच सहा महिने डोकं खाल्लं होतं. म्हटलं, गावभर भोकं पाडलीत आणि तुमची बायको अर्धा मैल चालून दुसऱ्याच्या हापशावर रांगेत उभी. सगळ्या बायकांसमोर. रोज हेच. मग काय करतील? मी पाणी मागितलं, त्यांनी दिलं."

त्याच वेळी यंत्राच्या काचेवर आतून ओल धरू लागली. आधी मनगट, मग तळवा, मग बोटं, एकेक करून, साडेचार. एकच ठसा. तो पुसला जाईना की वाढेना, नुसता तिथे राहिला. ओबायदुर सर खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे बघत पुटपुटले, "या इमारतीत बुरशी फार झालीय," आणि त्यांनी नाक शिंकरलं.

आंबिया स्टुलावरून उतरली. तिने काचेवर बाहेरून आपला ठिपक्यांचा तळहात ठेवला, त्याच्या तळहातावर. बराच वेळ ठेवला. "पुरे आता," ती म्हणाली. "कळलं मला."

परतीच्या लाँचवर मेघनेचं पात्र रुंद झालं तेव्हा ती म्हणाली, "सोडते ते पाणी. तू म्हणशील त्या डॉक्टरला हात दाखवते. पण तहू, ते दुपारी येणार. रोज येतात. मी कळशी धरली नाही, तर हापसतील कुणासाठी?"

तहुराने आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मनात मात्र धास्ती घेतली, की आठ दिवसांत ही पुन्हा त्या धारेखाली बसेल. माणसासाठी नाही बसणार, त्या आवाजासाठी बसेल.

दुसऱ्या दिवशी आंबियाने दुकानातून लाल रंग आणवला आणि हापशाच्या तोंडाला स्वतःच्या हाताने लावला. रंग लावताना ती सारखी बोलत होती, हळू आवाजात, नवरा पडवीत बसला असावा तशी. वारा नव्हता. दुपार भरत आली. तहुराने दांड्याकडे बघितलं. तो हलला नाही, पण नुसता थरथरत राहिला, दारातून आत यावं की नाही असं वाटणाऱ्या माणसासारखा.

आंबिया घरात गेली आणि तीन कळश्या घेऊन बाहेर आली. एक स्वतःच्या कमरेवर घेतली, एक लेकीच्या हातात दिली. तिसरी तिने हापशाच्या पायथ्याशी ठेवली.

"अहो," ती दांड्याकडे न बघता म्हणाली, "मशिदीच्या हापशावर चाललोय आम्ही. लांब आहे, माझे गुडघे दुखतात. आयुष्यात कधी कळशी उचलली नाहीत. आता उचला."

आणि ती चालू लागली. तहुरा तिच्या मागून. कुंपण ओलांडलं, केळी ओलांडल्या, गावाची पायवाट लागली. मागे अंगणात पितळेचा बारीक आवाज झाला. मग पायवाटेवर, दहाबारा पावलं मागे, धापा टाकत कुणीतरी चालत येत असल्याचा.

तहुरा वळणार, तोच आईने तिचं कोपर धरलं.

"मागे बघू नकोस," ती म्हणाली. "बायकांचं काम करताना कुणी बघितलेलं त्यांना आवडणार नाही."